उलटी थांबली, कोय आतच

कुत्र्याने दोनदा उलटी केली की अंधेरी-घाटकोपरच्या घरात हात आपसूक औषधांच्या डब्याकडे जातो. माणसांसाठी आणलेली ऑन्डॅन्सेट्रॉन किंवा मेटोक्लोप्रमाइडची गोळी तिथे असतेच, आणि पशुवैद्यही हीच औषधं देतात हे खरं. पण औषध तेच म्हणून उपाय तोच, हे गणित चुकतं. रक्तातली विषं हेरणारा मेंदूचा एक भाग डोपामिनला प्रतिसाद देतो. मेटोक्लोप्रमाइड मुख्यतः तिथे काम करतं. चिडलेलं आतडं सेरोटोनिनमार्फत मेंदूला कळवतं. ऑन्डॅन्सेट्रॉन ती वाट अडवतं. अशा सगळ्या वाटा शेवटी जिथे मिळतात, तिथे ‘सबस्टन्स पी’ या रसायनाचं काम चालतं. अमेरिकेत २००७ साली कुत्र्यांसाठी मंजूर झालेलं मारोपिटंट नेमकं तेच रोखतं. म्हणून कारण कुठलंही असो, उलटी बहुधा थांबते. मला यातला धोकाही इथेच दिसतो. आंब्याची कोय किंवा पावसाळ्यात रस्त्यावर टाकलेलं कणसाचं बुरकुंड आतड्यात अडकलं असेल, तर उलटी हीच काय ती बाहेर दिसणारी खूण असू शकते. ती पुसली की दिवस वाया जातो. त्यात मेटोक्लोप्रमाइड पोट आणि लहान आतड्याची हालचाल वाढवतं. पुढे वाट बंद असताना ते देणं म्हणजे आतडं फाटण्याचा धोका ओढवून घेणं.

मग औषध द्यावंच कशाला, उलटी म्हणजे शरीराची साफसफाईच ना? एखाद-दुसऱ्या उलटीपुरतं हे पटतं. पार्वो विषाणूची लागण झालेल्या पिल्लाला ते लागू पडत नाही. सततच्या उलट्या-जुलाबांनी पाणी आणि क्षार जाऊन ते दगावू शकतं. तिथे सलाइनसोबत उलटीचं औषध लागतंच. लेप्टोस्पायरोसिसमध्येही (लेप्टो) औषध हवं, पण तेवढ्यावर भागत नाही. साचलेल्या पाण्यातून आलेला हा जंतू मूत्रपिंडं निकामी करू लागला की रक्तात साठलेल्या टाकाऊ द्रव्यांमुळे कुत्रा ओकतो. गोळीने ओकणं थांबेल, पण मूत्रपिंडांची हानी चालूच राहील, आणि लघवीतून जंतू घरातल्या माणसांपर्यंत पोहोचू शकतील.

दवाखान्याचा खर्च परवडत नाही, ही तक्रार रास्त आहे. पण उशिरा केलेली शस्त्रक्रिया त्याहून महाग पडते. शिवाय उलटी थांबली म्हणजे मळमळ गेली असंही नाही: कुत्रा ओठ चाटत, लाळ गाळत, अन्नाकडे पाठ फिरवून बसला असेल तर ती चालूच आहे. दवाखान्यातही अडकलेलं बुरकुंड एक्स-रेवर हाडासारखं ठळक उमटत नाही, बऱ्याचदा सोनोग्राफी लागते. म्हणून कुत्र्याने काय खाल्लं असावं आणि घरी कुठली गोळी दिली, हे पशुवैद्याला आधी सांगितलं तर शोध लवकर लागतो.