एका मिलिमीटरचा हिशेब

मूळव्याध म्हणून रक्त पडणं अंगावर काढायचं आणि मग मराठवाड्यातल्या कुठल्याशा गावातून छत्रपती संभाजीनगरात, आमखास मैदानाजवळच्या शासकीय कर्करोग रुग्णालयात यायचं. गुदाशयाच्या कॅन्सरचे कितीतरी रुग्ण याच वाटेनं येतात. दुर्बिणीतून तुकडा तपासला की आजार पक्का होतो. पण आधी शेक (रेडिएशन) की आधी ऑपरेशन, हे ठरतं फोटोंवर.

या फोटोंचा राजा एमआरआय. गुदाशय जेमतेम 15 सेंमीचा. त्याभोवती चरबी, आणि चरबीभोवती करंजीच्या पारीसारखा पातळ पापुद्रा. सारण पारीला भिडलंय का, एवढंच बघायचं! गाठ पापुद्र्यापासून 1 मिमी किंवा त्याहून जवळ असली की डॉक्टर सावध होतात. बहुधा आधी रेडिएशन, मग सुरी. पापुद्र्यासकट सगळं अखंड काढलं तर आजार तिथेच उलटण्याचं प्रमाण घटतं, हे ब्रिटिश सर्जन बिल हील्ड यांनी 1982 मध्ये मांडलं. गंमत म्हणजे या एमआरआयला क्ष-किरण लागत नाहीत आणि बहुतेकदा इंजेक्शनही नाही.

मग छाती-पोटाचा सीटी कशाला? गुदाशयाच्या वरच्या भागातलं रक्त यकृताकडे जातं, अगदी खालचं यकृताला वळसा घालून थेट हृदय-फुप्फुसांकडे. कॅन्सरच्या पेशी कुठल्या गाडीत बसल्या, कोण सांगणार? म्हणून दोन्हीकडे बघायचं.

सीटीचा जनक गॉडफ्रे हाउन्सफिल्ड ‘ईएमआय’चा नोकर, म्हणजे बीटल्सच्या तबकड्या काढणाऱ्या कंपनीचा! पहिला रुग्ण तपासला 1 ऑक्टोबर 1971 रोजी.

“पेट स्कॅनच करू ना, महागडं आहे म्हणजे भारीच असणार!” हा आपला लाडका गैरसमज. गुदाशयाच्या कॅन्सरला पेट स्कॅन सरसकट लागत नाही. त्यासाठी टोचायची किरणोत्सारी साखर दर 110 मिनिटांनी निम्मी होते. मुंबईहून साडेपाच तासांत आणली तर संभाजीनगरात पोचते आठवा हिस्सा.

सगळ्यात भारी गोष्ट ब्राझीलची. तिथल्या सर्जन अँजेलिता हाब्र-गामा यांनी दाखवलं की केमो-रेडिएशननं गाठ पूर्ण विरघळली, तर काही रुग्णांत ऑपरेशन न करता नुसती नजर ठेवता येते. पोटावरची पिशवीही टळते. विरघळलेल्या गाठीच्या जागी एमआरआयवर काळा व्रण दिसतो. अर्थात नजर म्हणजे कडक नजर: बोटानं तपासणी, दुर्बीण, एमआरआय, दर काही महिन्यांनी. तारखा चुकवणाऱ्यांचं हे काम नव्हे.

म्हणून पहिल्या एमआरआयची सीडी जपून ठेवा. उपचारानंतरचा फोटो तिच्याशीच ताडून बघतात. नुसत्या छापील रिपोर्टवर भागत नाही.