धुऱ्यावरची काडी आणि कमरेची डबी

पातूरच्या आमच्या बचत गटाच्या बैठकीत आम्ही विचारलं, सकाळी दातांना काय लावता? कुणी कडूनिंबाची काडी म्हणालं, कुणी राखुंडी. एका ताईंनी हळूच कमरेची डबी काढली. मशेरी! "दाढ ठणकते, ही लावली की बरं वाटते."

बरं वाटतं तेवढ्यापुरतं. आत कीड वाढतच राहते. तव्यावर काळी भाजली तरी ती तंबाखूच. तिचं निकोटिन तोंडातूनच रक्तात जातं, म्हणून सवय सुटत नाही. हिरड्या खराब होतात, तोंडाचा कॅन्सर होऊ शकतो, गरोदर बाईच्या बाळाचं वजन कमी भरू शकतं. टूथपेस्ट आणि दंतमंजनात तंबाखू घालायला सरकारनं १९९२ सालीच बंदी केली. घरच्या तव्याला कोण बंदी करणार?

त्यापेक्षा धुऱ्यावरची बाभूळ बरी. ताजी काडी चावून टोकाचा कुंचला करा, हळू फिरवा. तिचा तुरट रस हिरड्यांना चांगला. राखुंडी, विटकरीचा भुगा नको, दात झिजतात. हिरडी सुजली तर ग्लासभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ टाकून चुळा भरा. दाढ दुखली तर लवंग धरा. पण लवंगेनं खड्डा बुजत नाही, डॉक्टरांना दाखवाच. झोपण्याआधी फ्लोराइडची पेस्ट हवीच, काडी केली तरी.

तोंडात पांढरा-लाल चट्टा किंवा जखम दोन आठवड्यांत गेली नाही, तर सरकारी दवाखाना गाठा. मशेरी सोडायला १८००-११-२३५६ वर फुकट सल्ला मिळतो.

त्या ताईंच्या डबीत आता लवंगा असतात. सकाळची मशेरी सुटली, रात्रीची अजून आहे.