वृद्धनिवासातील सुरक्षितता

१ जानेवारी २०२३ रोजी पहाटे दक्षिण दिल्लीतील ग्रेटर कैलास-२ येथील एका वृद्धनिवासाला आग लागली आणि तीत दोन वृद्ध महिला मृत्युमुखी पडल्या.

वृद्धनिवासात राहणाऱ्या अनेकांना संकटाची चाहूल लागली, तरी स्वतःच्या बळावर बाहेर पडता येत नाही. म्हणूनच तेथील सुरक्षिततेचा विचार सामान्य घरापेक्षा निराळा करावा लागतो. धूर निघताच इशारा देणारी यंत्रणा, चाकांची खुर्ची जाईल एवढी रुंद दारे, अडथळे नसलेला जिना आणि रात्री जागे राहणारे पुरेसे सेवक या तेथील प्राथमिक गरजा होत. अंथरुणाला खिळलेल्यांना कोणी व कसे बाहेर न्यायचे, याचा सरावही नियमितपणे व्हावयास हवा.

ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाह व कल्याणासंबंधीच्या २००७ च्या कायद्यातील कलम १९ नुसार, वृद्धाश्रमांच्या व्यवस्थापनाची आणि सेवांच्या दर्जाची योजना राज्य शासनाला ठरवून देता येते. तथापि नियम पाळले जातात की नाही, याकडे कुटुंबीयांनीही लक्ष द्यावे. भेटीस गेल्यावर खोलीची स्वच्छता पाहावी, तशीच बाहेर पडण्याची वाटही पाहावी. आणि रात्री सोबतीला कोण असते, हे आवर्जून विचारावे.