विश्लेषण : २१०० सालापर्यंत तारीख न चुकणारे घड्याळ… संग्राहक कशासाठी कोटी मोजतात?

येरवडा म्हटले की तुरुंग आणि आगाखान पॅलेस आठवतो, आणि दोन्हीकडे बंदिवासात राहिलेले महात्मा गांधी. त्यांच्या कमरेचे घड्याळही तितकेच ओळखीचे. गांधीजींचे झेनिथ कंपनीचे खिशातील घड्याळ, चष्मा, चपला आणि ताट-वाटी यांचा एकत्रित लिलाव ५ मार्च २००९ रोजी न्यूयॉर्कमध्ये झाला. विजय मल्ल्या यांची १८ लाख डॉलरची बोली शेवटची ठरली. तिथे मोल होते ते घड्याळ कुणाचे होते याला. संग्राहकांचा दुसरा एक पंथ मात्र घड्याळाच्या पोटात काय आहे, याला पैसे मोजतो. त्यांच्या यादीत वरच्या स्थानी असते ‘परपेच्युअल कॅलेंडर’.

हे घड्याळ वेगळे कसे?

साध्या घड्याळातील तारखेची चकती १ ते ३१ मोजते आणि पुन्हा १ वर येते. महिना ३० दिवसांचा की २८, हे तिला कळत नाही. त्यामुळे वर्षातून पाच वेळा तारीख हाताने पुढे न्यावी लागते. ‘अॅन्युअल कॅलेंडर’ला ३० आणि ३१ चा फरक कळतो, फक्त फेब्रुवारीअखेर मदत लागते. परपेच्युअल कॅलेंडरला लीप वर्षही ठाऊक असते. बॅटरी नाही, चिप नाही. सगळे काम दाते, स्प्रिंग आणि तरफांचे.

ही स्मरणशक्ती येते कुठून?

‘थिअरी ऑफ मशीन्स’च्या पेपरसाठी कॅम आणि फॉलोअरच्या आकृत्या घोकलेल्यांना उत्तर ऐकून गंमत वाटेल. पारंपरिक रचनेत चार वर्षांत एक फेरी पूर्ण करणारे एक चक्र असते. त्याच्या कडेवर ४८ महिने कोरलेले असतात. ३१ दिवसांच्या २८ महिन्यांना खाच नाही, ३० दिवसांच्या १६ महिन्यांना उथळ खाच, तीन फेब्रुवारींना खोल आणि लीप वर्षातील फेब्रुवारीला त्याहून किंचित कमी खोल. रोज मध्यरात्री तारीख ढकलणाऱ्या तरफेचे टोक या कडेला टेकते. महिनाअखेरीस ते जितके खोल उतरते, तितके दिवस तरफ एका फटक्यात ओलांडते. कॅलेंडर म्हणजे शेवटी धातूवरच्या खाचांची खोली!

अडचण २१०० ची. ते वर्ष शंभरने भागले जाते, पण ४०० ने नाही. म्हणून ते लीप नाही. चक्राला हे माहीत नसल्याने त्या वर्षी २८ फेब्रुवारीनंतर घड्याळ २९ दाखवील. आयडब्ल्यूसीने २०२४ मध्ये आणलेल्या ‘इटर्नल कॅलेंडर’ने ४०० वर्षांत एक फेरी घेणारे चाक जोडून हा प्रश्नही सोडवला.

मराठी पंचांग घड्याळात बसेल?

२२ मार्च १९५७ पासून लागू झालेले राष्ट्रीय पंचांग सहज बसेल. चैत्र ३० दिवसांचा, लीप वर्षी ३१; पुढचे पाच महिने ३१ चे, उरलेले ३० चे. घरातल्या भिंतीवरचे पंचांग मात्र खाचांना दाद देणार नाही. तिथी सूर्योदयावर ठरते, तिचा क्षय होतो, वृद्धी होते. २०२३ मध्ये श्रावण अधिक होता. दर वेळी अधिक महिना वेगळा. चार वर्षांच्या चक्रात हे कोरणार कसे? ब्लांपँने २०१२ मध्ये चिनी पंचांगाचे मनगटी घड्याळ आणले आणि त्यात अधिक महिन्याची खूणही दिली. म्हणजे अशक्य काही नाही, फक्त सोपे नाही.

किंमत आणि जोखीम

पाटेक फिलिपने १९४१ पासून बनवलेल्या ‘१५१८’ या मॉडेलची २८१ घड्याळे निघाली. त्यात परपेच्युअल कॅलेंडरसोबत स्टॉपवॉचही आहे. बहुतेक सोन्याची, स्टीलची ज्ञात आहेत ती अवघी चार. त्यातील एक २०१६ मध्ये जिनिव्हात १ कोटी १० लाख स्विस फ्रँकवर गेले. सोन्याहून स्टील महाग, हा या बाजाराचा खाक्या.

घ्यायचेच असेल, तर खरी परीक्षा विकत घेतल्यानंतर सुरू होते. घड्याळ कपाटात बंद पडले की तारीख, वार, महिना, चंद्रकला सगळे पुन्हा जुळवावे लागते. जुन्या रचनांत रात्री साधारण आठ ते पहाटे तीन या वेळेत तारखेची बटणे दाबली, तर गुंतलेले दाते तुटू शकतात. त्यामुळे जुने घड्याळ घेताना तबकडीच्या चकाकीपेक्षा सर्व्हिसिंगची कागदपत्रे आधी मागावीत आणि विक्रेत्याला आपल्यासमोर ३० तारखेवरून १ वर उडी घेऊन दाखवायला सांगावे. तेही काटे पुढे फिरवून. मागे फिरवून नव्हे.

कराचेही लक्षात ठेवावे. २२ एप्रिल २०२५ पासून १० लाखांहून महाग मनगटी घड्याळावर विक्रेत्याने एक टक्का ‘टीसीएस’ गोळा करण्याचा नियम आला. ही रक्कम प्राप्तिकरात वळती करून घेता येते, त्यासाठी बिलावर आपला पॅन असायला हवा. रोखीत, बिलाशिवाय ‘ओळखीतल्या’ माणसाकडून घड्याळ घेणाऱ्याकडे यातले काहीच नसते. उद्या ते विकायला काढले, तर पहिली विचारणा याच कागदांची होते.