नखी आणि बोट : एकाच तारेचे दोन आवाज

ध्वनीचा धडा शिकवताना आपण फळ्यावर लिहितो : तारेची कंप्रता तिची लांबी, तिच्यावरचा ताण आणि तिचे दर सेंटिमीटरचे वस्तुमान यांवर अवलंबून असते. हे बरोबरच आहे. पण तार कशाने छेडली, याचा त्यात उल्लेखही नाही. मग तीच तार, तोच स्वर, तरी बोटाने छेडल्यावर मऊ आणि नखीने छेडल्यावर टणटणीत का वाजते?

महागावसारख्या तालुक्याच्या गावी शाळेत गिटार असेलच असे नाही. पण एकतारी आणि तुणतुणे मुलांनी ऐकलेले असते. एकतारी बोटाने छेडतात, तुणतुणे लाकडाच्या लहानशा तुकड्याने. मात्र एकीला भोपळा, दुसऱ्याला नळकांडे आणि कातडे, त्यामुळे ही तुलना सरळ होत नाही. एकाच वाद्यावर नखी आणि बोटे दोन्ही चालतात, असे उदाहरण हवे. ते गिटारवर मिळते.

गिटारवादक प्लॅस्टिकची चपटी नखी (तिला तो पिक म्हणतो) अंगठा आणि तर्जनी यांच्या चिमटीत धरतो. मधले बोट आणि अनामिका मोकळीच राहतात. काही वादक त्यांनाही कामाला लावतात : जाड तारा नखीने आणि बारीक तारा बोटांनी. याचे कारण साधे आहे. पहिली आणि सहावी तार यांच्यात सुमारे पाच सेंटिमीटर अंतर असते. सेकंदाला आठ स्वर वाजवायचे तर प्रत्येकाला एक अष्टमांश सेकंद मिळतो. तेवढ्यात मधल्या तारांना न लागता नखीने पलीकडे उडी मारायची आणि परत यायचे, हे फार अवघड. शिवाय दूरच्या दोन तारा नेमक्या एकाच क्षणी वाजवणे एकट्या नखीला शक्यच नाही. बोट आधीच तारेवर टेकलेले असेल तर दोन्ही अडचणी सुटतात.

आपल्याकडे ही युक्ती नवी नाही. सतारिया तर्जनीत तारेची नखी, म्हणजे मिझराब, घालतो आणि मधूनच करंगळीच्या नखाने खालच्या तरफांवरून झणकार काढतो. रुद्रवीणेवर नख्या घातलेली बोटे मुख्य तारांवर असतात आणि चिकारी करंगळीकडे.

पण एक अडचण उरते. नखीचा स्वर आणि बोटाचा स्वर शेजारी शेजारी आले की ते दोन वेगळ्या वाद्यांचे वाटतात. असे का, हे पाहू.

छेडण्याआधी ओढलेल्या तारेचा आकार त्रिकोणी असतो. सोडल्यावर ती मूळ स्वराबरोबर दुप्पट, तिप्पट, चौपट कंप्रतेचे उपस्वरही देते. त्रिकोणाचे टोक जितके अणकुचीदार, तितके वरचे उपस्वर अधिक. नखीची कड बारीक असते, म्हणून टोक तीक्ष्ण. बोटाचा गर रुंद, म्हणून टोक गोलसर. गिटारची तार सुमारे ६५ सेंटिमीटरची. विसाव्या उपस्वरात तिचे वीस भाग पडतात, प्रत्येक सव्वातीन सेंटिमीटरचा. बोटाचे टोक त्याच्या जवळजवळ निम्म्याइतके रुंद! एवढ्या बोथट वस्तूने इतकी बारीक घडी तारेत नीट पडणार कशी? त्यातून तार गरावरून घसरत सुटते, तेव्हाही वरचे उपस्वर दबतात. म्हणूनच असे वादक नखे थोडी वाढवतात, किंवा नखीची टोकदार बाजू सोडून गोल बाजू वापरतात. घोडीच्या जवळ छेडले तरी आवाज तीक्ष्ण होतो, म्हणजे बोट थोडे घोडीकडे सरकवूनही फरक कमी करता येतो.

छेडण्याच्या जागेचा हा परिणाम वर्गात दाखवता येतो. एका फळीवर दोन खिळे ठोकून पोलादी तार ताणा आणि दोन लाकडी पट्ट्यांच्या घोड्या ६० सेंटिमीटर अंतरावर बसवा. घोडीची कड धारदार ठेवा. आता तार एका टोकापासून १५ सेंटिमीटरवर छेडा आणि लगेच बरोबर मध्यावर, ३० सेंटिमीटरवर, पिसाने हलकेच स्पर्श करा. मूळ स्वर जाईल, पण वरच्या सप्तकातला स्वर ऐकू येत राहील. मग तार मध्यावरच छेडा आणि मध्यावरच स्पर्श करा. आवाज जवळजवळ बंद! स्पर्शानंतर फक्त मध्यावर निस्पंद बिंदू असणारे उपस्वर टिकू शकतात, म्हणजे दुसरा, चौथा, सहावा. आणि मध्यावर छेडल्यामुळे नेमके तेच निर्माण झालेले नव्हते. ज्या बिंदूवर छेडावे, तेथे निस्पंद असणारे उपस्वर उमटत नाहीत, हा नियम थॉमस यंग यांनी १८०० च्या सुमारास मांडला. वरच्या इयत्तांतल्या मुलांना सांगावे की मध्यावर छेडल्यास तिसऱ्या उपस्वराचा आयाम पहिल्याच्या एक नवमांश असतो, पाचव्याचा एक पंचविसांश.

आता गंमत अशी की हा नियम आपला तंबोरा पाळत नाही. चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९२१ मध्ये भारतीय तंतुवाद्यांवर जो निबंध लिहिला, त्यात हेच दाखवले आहे : जे उपस्वर नियमाने गैरहजर असायला हवेत, ते तंबोऱ्यात आणि वीणेत जोरकसपणे ऐकू येतात. कारण घोडी. ती धारदार नसून रुंद आणि किंचित वक्र असते. कंप पावणारी तार तिच्या पाठीवर टेकते आणि सुटते, आणि या टेकण्या-सुटण्यात नवे उपस्वर तयार होत राहतात. म्हणून तंबोरा नुसत्या बोटाच्या गराने छेडूनही इतका झळाळतो. ही वक्रता म्हणजे जवारी. मिरजेचे कारागीर ती कानाने तपासत घासून काढतात. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. त्या घासण्यात किती भौतिकशास्त्र आहे, हे मानांकनाच्या कागदावरून कळत नाही.

फळीवरच्या प्रयोगात एका बाजूला धारदार घोडीऐवजी रुंद, पाठीला किंचित गोलाई दिलेली लाकडी घोडी बसवून पहा. तंबोऱ्यात घालतात तसा सुती दोरा तारेखाली सरकवा आणि तो थोडा थोडा हलवत तार मध्यावर छेडा. दोरा योग्य जागी आला की पिसाच्या स्पर्शानंतरही वरचा स्वर ऐकू येऊ लागेल. जागा सापडायला वेळ लागतो, तेव्हा हा तास शेवटचा ठेवलेला बरा.