माळावर सौर प्रकल्प : जमीन देण्याआधी हिशेब करा



तुमच्या माळापासून वीज उपकेंद्र जवळ असेल, तर एखादे दिवशी कोणीतरी बांधावर येऊन म्हणेल, "या बरडात काय पिकतंय? आम्हाला द्या. सोलर बसवतो, घरबसल्या भाडं घ्या." बोलणं खोटं नसतं. पण हा करार बहुधा २५ वर्षांचा असतो. आज पाळण्यातलं पोर तोवर घरातलं कर्तं माणूस होईल. तेव्हा सही करण्याआधी आपल्यापुढे कोणकोणते मार्ग आहेत ते नीट पाहू या.

पहिला मार्ग : जमीन भाडेपट्ट्याने देणे

एक मेगावॅटच्या प्रकल्पाला साधारण ४ ते ५ एकर जमीन लागते. महाराष्ट्र शासनाने २०१७ साली मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना सुरू केली. उपकेंद्राजवळ प्रकल्प उभारून शेतीपंपांना दिवसा वीज द्यायची, हा तिचा हेतू. २०२३ साली तिचा दुसरा टप्पा आला. त्यातला ३ मेगावॅटचा प्रकल्प वैजापूर तालुक्यात धोंदलगावला २०२४ साली सुरू झाला. या टप्प्यात भाड्याचा दर हेक्टरी वर्षाला १ लाख २५ हजार रुपये ठरला, म्हणजे एकरी सुमारे ५० हजार. त्यावर दरसाल ३ टक्के वाढ. योजनेबाहेरची कंपनी असेल, तर दर तुमच्या बोलणीवर अवलंबून.

आता ही ३ टक्के वाढ कशावर, ते विचारा. मूळ भाड्यावर असेल, तर एकरी ५० हजारांत दरसाल दीड हजारच वाढतील आणि पंचविसाव्या वर्षी ८६ हजार मिळतील. मागल्या वर्षाच्या भाड्यावर असेल, तर त्याच वर्षी १ लाखाच्या थोडं वर मिळतील. कागदावर फरक एका ओळीचा, पण पंचविसाव्या वर्षी एकरी पंधरा हजारांचा.

दुसऱ्या बाजूला आपल्या शेताचाही हिशेब मांडा. एका चांगल्या वर्षाचं उत्पन्न धरू नका. पाच वर्षांचं धरा, त्यातून खर्च वजा करा आणि सरासरी काढा. कडबा आणि जनावरांची चराई विसरू नका, कारण जमीन गेली की वैरण विकत आणावी लागते. बरड माळाला भाडं परवडेल. विहिरीच्या पाण्याखालची बागायत सहसा देऊ नये.

दुसरा मार्ग : प्रकल्प आपणच उभारणे

केंद्र सरकारच्या २०१९ सालच्या कुसुम योजनेत अर्धा ते दोन मेगावॅटचे प्रकल्प शेतकरी, शेतकरी गट, सहकारी संस्था किंवा पंचायतीला उभारता येतील, अशी तरतूद झाली. वीज २५ वर्षांच्या कराराने वीज कंपनी विकत घेते. नफा आपला, पण भांडवल कोटींच्या घरात जातं आणि कर्जाचा हप्ता आपल्याच डोक्यावर राहतो. एकट्याने उडी घेऊ नका. सध्या अर्ज घेतात का आणि विजेला दर काय मिळेल, हे वीज कंपनीच्या कार्यालयात विचारून मगच बँकेची पायरी चढा.

तिसरा मार्ग : जमीन हातात ठेवून सौर पंप

गुजरातेत खेडा जिल्ह्यातल्या धुंडी गावच्या शेतकऱ्यांनी २०१६ साली सौर पंपांची सहकारी संस्था काढली. त्यांनी आपलं रान भिजवलं आणि उरलेली वीज वीज कंपनीला विकली. एकरभर जमीनही कोणाला दिली नाही. पत्रे उंच खांबांवर बसवले, तर खाली सावली सोसणारं पीकही घेता येतं, मात्र खांबांचा खर्च वाढतो.

जमीन विकावी का?

भाडेपट्ट्यात सातबारा आपल्या नावावर राहतो, विक्रीत जातो. मोबदला एकदाच मिळतो आणि लग्नकार्यात, घरबांधणीत संपतो. भाड्याने भागत असेल, तर खरेदीखत करू नका.

सहीपूर्वी हे पाहा

१. सातबारा आणि आठ-अ ताजे काढा. वारसांची नोंद आणि बोजा तपासा. बहिणीचा वाटा असेल, तर तिची संमती आधी घ्या. भाऊबंदकी कोर्टात गेली, की भाडंही अडकतं.

२. जमीन भोगवटादार वर्ग दोनची असेल, तर परवानगीबद्दल तहसील कार्यालयात विचारा.

३. एक वर्षाहून जास्त मुदतीचा भाडेपट्टा दुय्यम निबंधकाकडे नोंदवावाच लागतो. साध्या स्टँपवरच्या सहीवर विसंबू नका.

४. जमीन अडकवून ठेवायची आणि काम सुरू करायचं नाही, असं होऊ नये. भाडं कोणत्या तारखेपासून आणि थकलं तर काय, हे लिहून घ्या.

५. तुमच्या जमिनीवर कंपनीला कर्ज काढता येणार नाही, असं कलम घाला.

६. मुदत संपल्यावर पत्रे, खांब आणि काँक्रीट कोण काढणार? जमीन सपाट करताना पावसाचं पाणी शेजाऱ्याच्या रानात तर जाणार नाही ना? हेही करारात यावं.

करारनामा मराठीत मागा, घरातल्या बायकामाणसांसमोर मोठ्याने वाचा आणि वकिलाला दाखवा. समोरचा "आजच सही करा" म्हणाला, तर त्याला उद्या यायला सांगा. माळ कुठं पळून जात नाही.