वीस कोस, गारा आणि विठ्ठलपंत

जामनेरहून पहूरमार्गे अजिंठ्याला निघालं की फर्दापूरलाच जिल्हा बदलतो. घाट अजून पुढे असतो. १९४८ पर्यंत इथे निजामाचं राज्य लागायचं. ३० डिसेंबर १८०३ ला इंग्रजांशी झालेल्या सुर्जी-अंजनगावच्या तहात दौलतराव शिंद्यांनी अजिंठ्याच्या डोंगराच्या दक्षिणेचा, थेट गोदावरीपर्यंतचा आपला मुलूख सोडला. जालना गेलं, गंगापूर गेलं. पुढच्या वाटणीत ते निजामाला मिळालं. असीरगड-बऱ्हाणपूर मात्र शिंद्यांना परत मिळालं. तहाची कलमं कुठल्याही इतिहासात सापडतील. खरी गंमत आहे ती तंबूतल्या बोलण्यांत.

तहाच्या आधी इंग्रजांशी असईची लढाई झाली होती. २३ नोव्हेंबरला इंग्रज सेनापती वेलस्लीने शिंद्यांच्या वकिलांशी युद्धबंदी ठरवली. अट एकच जाचक: शिंद्यांच्या फौजेने अचलपूरच्या पूर्वेला वीस कोसांवर जाऊन थांबायचं. शिंद्यांचे साथीदार नागपूरकर भोसले या करारात नव्हतेच. शिंद्यांची फौज काही हलली नाही, उलट भोसल्यांच्या फौजेजवळच राहिली. २९ तारखेला वेलस्ली अडगावला या फौजांवर चालून गेला, तेव्हा हेच वकील ‘हल्ला करू नका’ म्हणून त्याला विनवत होते. त्याने अटीवर बोट ठेवलं आणि संध्याकाळपर्यंत लढाई जिंकली. माझ्या मते ही युद्धबंदी त्याला पाळून घ्यायची होती, त्याहून जास्त मोडलेली हवी होती.

तहानंतरच्या वाटाघाटींना ईस्ट इंडिया कंपनीचा वकील जॉन माल्कम बऱ्हाणपूरकडे शिंद्यांच्या छावणीत आला. जानेवारी १८०४. पहिल्याच भेटीत सगळे गंभीर चेहरे करून बसलेले, आणि बाहेर अवकाळी पाऊस कोसळू लागला. तंबूच्या कापडात पाणी साचत गेलं आणि नेमकं पेपर नावाच्या आयरिश अधिकाऱ्याच्या डोक्यावर फुटलं. तो येशूचा धावा करत, ओरडत त्या लोंढ्यातून बाहेर आला. दौलतराव खो खो हसले, मग सगळा दरबार हसला. पाठोपाठ गारा! त्या वेचून आणल्या गेल्या आणि काल-परवाच्या शत्रूंनी मिळून खाल्ल्या. आमच्याकडे गारा म्हटलं की केळीवाल्याच्या पोटात गोळा येतो. त्या दिवशी मात्र गारांनीच बैठक सैल केली.

पण समोर विठ्ठलपंत होते. शिंद्यांचे हे वयोवृद्ध कारभारी काहीही ऐकलं तरी चेहऱ्यावरची सुरकुती हलू देत नसत. ब्रॅग हा तीन पत्तीच्या जातीचा विलायती खेळ. या खेळाला असा चेहरा दुसरा नाही, असं म्हणत माल्कमने त्यांचं नावच ‘ओल्ड ब्रॅग’ पाडलं. २७ फेब्रुवारीला बऱ्हाणपूरचा तह झाला, त्यात पंतांच्या बाजूचं बरंच काही होतं: कंपनीची तैनाती फौज शिंद्यांच्या मुलखात नव्हे, हद्दीलगत राहणार, आणि तिचा खर्च आधीच सोडलेल्या मुलखाच्या वसुलातून भागणार. हरलेल्या पक्षाला एवढं मिळालं, म्हणजे पंतांनी पत्ते चांगलेच झाकले होते.

वेलस्ली पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला. नेपोलियनच्या पाडावानंतर माल्कमने त्याला पॅरिसात विचारलं, फ्रान्सचा तो नावाजलेला मुत्सद्दी तालेराँ कसा माणूस आहे? ड्यूक म्हणाला, बराचसा आपल्या ओल्ड ब्रॅगसारखा, पण तेवढा हुशार नाही.